समुद्राकाठच्या स्टेनलेस रेलिंगला नेमका वेल्डपाशीच गंज का येतो?

खारावारा
जाणकारांची मदत हवी आहे. घर अगदी समुद्रासमोर. वारा सुटला की तुषार थेट गच्चीपर्यंत येतात, काचांवर मीठ साचतं. हे माहीत असल्यामुळे रेलिंगला स्टेनलेसचा नेहमीचा ३०४ दर्जा न घेता खाऱ्या हवेत जास्त टिकणारा ३१६एल घेतला. पाइपचं टेस्ट सर्टिफिकेट मी स्वतः पाहिलंय, त्यावरचा हीट नंबर (भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक) पाइपवरच्या छाप्याशी जुळत होता. पाइप आजही चकचकीत आहेत. पण जिथे जिथे वेल्ड आहे तिथे जोडाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी पट्टा उठलाय, आणि खांबाखालच्या बेसप्लेटपाशी तर गंजाचे ओघळ फरशीवर उतरलेत. पुसलं की जातं, थोड्या दिवसांत पुन्हा हजर.

ज्यांनी काम केलं ते म्हणतात माल अस्सल आहे, समुद्राजवळ एवढं व्हायचंच. दुसरे एक जण म्हणतात, सगळं उपटून डुप्लेक्स (त्याहून वरच्या दर्जाचं स्टेनलेस) लावा. मला दोन्ही पटत नाही. पाइप आणि जोड एकाच धातूचे, हवा एकच, मग गंज जोडालाच का? आणि आहे त्या जागेवर काही करता येईल का?

तपासनीस
उत्तर देण्याआधी थोडी माहिती द्या. वेल्डच्या बाजूला निळा, जांभळा, सोनेरी असा काही रंग अजून दिसतो का? गंज पाइपच्या वरच्या अंगाला जास्त की खालच्या? वेल्ड साफ करायला कसला ब्रश वापरला होता? बेसप्लेटला चारी बाजूंनी सलग वेल्ड आहे की मध्ये मध्ये सोडून मारलाय? आणि गंजाचा पट्टा वेल्डला चिकटून आहे की थोडं अंतर सोडून?

खारावारा
आत्ताच बॅटरी घेऊन वाकून पाहिलं. वरच्या बाजूला बफिंग छान झालंय, तिथे जवळजवळ काहीच नाही. खालच्या बाजूला, जिथे बफ पोचला नसेल, तिथे सोनेरी आणि निळा पट्टा स्पष्ट दिसतो आणि गंज नेमका त्या निळ्यावरच आहे, वेल्डला अगदी लागून. पाइपच्या पोटावर वेल्डपासून दूर काही तपकिरी ठिपकेही आहेत. ब्रश साधा तारेचा होता, तोच शेजारच्या लोखंडी गेटलाही वापरताना पाहिलाय. बेसप्लेटला सलग वेल्ड नाही, तुटक आहे, आणि ओघळ त्या मोकळ्या फटींतूनच येतायत.

धातुवेडी
खारावारा, तुम्ही इतकं नीट पाहिलंत की निदान सोपं झालं. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळे आजार आहेत: निळ्या पट्ट्यावरचा, ठिपक्यांचा आणि फटीतला. तिघांचा पोलादाच्या दर्जाशी फारसा संबंध नाही. काम अर्धवट सोडल्याचा आहे. पहिल्यावर जरा सविस्तर लिहिते, कारण तोच सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे.

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पापुद्रा आपोआप तयार होतो. त्याची जाडी एक ते तीन नॅनोमीटर, म्हणजे डोळ्याला तो दिसतच नाही. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळाला की तो पुन्हा भरून येतो. सगळी मदार या पापुद्र्यावर.

आता वेल्डिंग करताना काय होतं ते बघा. जोडाच्या बाजूचा धातू काहीशे अंशांपर्यंत तापतो आणि तिथे हवा लागली तर ऑक्साइडचा थर भराभर जाड होतो. थराची जाडी वाढेल तसा रंग बदलतो: साधारण तीनशे-चारशे अंशांना फिकट पिवळा ते सोनेरी, मग तपकिरी, जांभळा, साडेपाचशेच्या पुढे निळा, आणि त्याहून वर करडा-काळा. हा रंग म्हणजे रंगद्रव्य नव्हे, पातळ थरातून उजेड परतताना होणारा खेळ आहे. दिसायला देखणा असतो, म्हणून लोक कौतुकाने ठेवतातही.

घात असा की हा जाड थर बनवायला लागणारं क्रोमियम त्याच्या लगेच खालच्या धातूतून ओढलं जातं. म्हणजे वर सच्छिद्र, लोहाचं प्रमाण जास्त असलेला ऑक्साइड, आणि त्याच्या खाली क्रोमियमने गरीब झालेली धातूची पातळ साय. सर्टिफिकेटवर १६-१७ टक्के क्रोमियम लिहिलेलं असेल, पण त्या निळ्या पट्ट्याखाली तेवढं उरलेलं नसतं. कागदावर ३१६एल, पृष्ठभागावर त्याहून कितीतरी हलका माल. मीठ नसेल तर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मीठ आलं की तिथूनच सुरुवात होते.

मीरा_के
वाचतेय. पण मीठ नेमकं काय करतं? साध्या पावसाच्या पाण्याने का नाही होत?

धातुवेडी
मीरा, मुद्दा क्लोराइडचा आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं १९ ग्रॅमच्या आसपास एकटं क्लोराइड. हा आयन पापुद्र्याच्या कमकुवत जागा शोधून तो फोडतो. पोलादातले मँगनीज सल्फाइडचे सूक्ष्म कण, खरखरीत ओरखडे, आणि वर सांगितलेला निळा पट्टा, या त्याच्या आवडत्या जागा.

एकदा बारीक खड्डा पडला की पुढचं तो खड्डाच करतो. आतला धातू विरघळतो, विरघळलेल्या क्रोमियम-लोहाच्या आयनांची पाण्याशी अभिक्रिया होऊन आम्ल तयार होतं, आणि विद्युतभार सांभाळायला बाहेरचं क्लोराइड आत ओढलं जातं. बाहेरचं पाणी उदासीन असताना खड्ड्याच्या तळाशी पीएच १-२ पर्यंत उतरलेला असू शकतो. म्हणजे आत खारट आम्लाची कुपी, आणि बाहेरचा सगळा चकचकीत पृष्ठभाग कॅथोड (बॅटरीच्या दुसऱ्या टोकासारखा) होऊन त्या कुपीला खतपाणी घालतोय. म्हणूनच स्टेनलेसचा गंज पसरत नाही, भोक पाडतो. वर दिसणाऱ्या डागावरून आत किती खोल गेलंय याचा अंदाज येत नाही.

आणखी एक गोष्ट, जी खारावारांच्या पाइपच्या पोटावर दिसते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते हवेत सुमारे ३३ टक्के आर्द्रता असली तरी ओलावा धरतं. साध्या मिठाला त्यासाठी ७५ टक्के लागते. म्हणजे आपल्याला कोरडा वाटणारा पृष्ठभाग मिठाच्या नजरेतून दिवसरात्र ओलाच असतो, आणि त्या ओलीतलं क्लोराइड समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी तीव्र असतं. वरच्या अंगाचं मीठ पाऊस धुऊन नेतो, खालच्या अंगाचं तसंच साचत राहतं. आडोशाची जागा सुरक्षित, हा समज स्टेनलेसच्या बाबतीत उलटा आहे.

भट्टीवाला
मला वाटतं मूळ मुद्दा राहतोय. हे सरळसरळ वेल्ड डिके आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने कार्बन आणि क्रोमियम एकत्र येतात, कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड बसतं आणि तिथे क्रोमियम कमी पडतं. पुस्तकात हेच कारण दिलंय. 'एल' (कमी कार्बनचं) म्हणून साधं ३१६ गळ्यात मारलं असणार.

तपासनीस
भट्टीवाला, तुम्ही सांगताय ती क्रिया खरीच आहे, पण इथे ती बसत नाही. का ते सांगतो, कारण ही गल्लत फार होते आणि मग इलाजही चुकतो.

कार्बाइड साधारण ४२५ ते ८१५ अंशांच्या पट्ट्यात बनतं आणि त्याला वेळ लागतो. कार्बन ०.०६ टक्क्यांच्या आसपास असेल तर ७०० अंशांजवळ काही मिनिटं पुरतात. कार्बन ०.०३ च्या खाली असेल, म्हणजे 'एल' ग्रेड, तर तास लागतात. रेलिंगच्या पातळ पाइपला टिगने (आर्गॉन वायूच्या आडोशात होणाऱ्या वेल्डिंगने) जोड मारताना धातू त्या पट्ट्यात काही सेकंदच राहतो. साधं ३१६ असतं तरी दीड-दोन मिलिमीटरच्या पाइपला एका पासमध्ये (वेल्डच्या एकाच थरात) वेल्ड डिके होणं कठीण. जाड प्लेटला पासवर पास चढवले, किंवा वेल्डनंतर भट्टीत ताण काढायला ठेवलं, तर गोष्ट वेगळी.

दुसरी खूण जागेची. वेल्ड डिकेचा पट्टा वेल्डला चिकटून नसतो, थोडं अंतर सोडून समांतर जातो, कारण अगदी लगतचा धातू त्या तापमानाच्या वर गेलेला असतो आणि लवकर थंड होतो. खारावारांचा गंज वेल्डला लागून, निळ्या पट्ट्यावर आहे. आणि तो वरवर पुसला जातो. कणांच्या सीमा खाल्ल्या गेल्या असत्या तर पृष्ठभाग साखरेसारखा दाणेदार होऊन कण सुटायला लागले असते.

शंका उरलीच तर तुकडा कापून एएसटीएम ए२६२ या अमेरिकन मानकाप्रमाणे चाचणी करतात. आधी ऑक्झॅलिक आम्लाने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली सीमा बघायच्या, त्यात नापास झालं तर कॉपर सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्लात उकळून, वाकवून तडे बघायचे. ही दुसरी पद्धत स्ट्राउस यांच्या नावाने ओळखली जाते, क्रुप या जर्मन पोलाद कंपनीत १९१२ च्या सुमारास क्रोम-निकेल स्टेनलेसवर काम करणारे तेच हे बेनो स्ट्राउस. म्हणजे हा आजार स्टेनलेसइतकाच जुना. पण 'एल' ग्रेड सर्रास मिळायला लागल्यापासून पातळ कामात तो विरळा झालाय, आणि रंगाच्या पट्ट्याचा आजार मात्र रोज दिसतो. पुस्तकं अजून पहिल्याच आजारावर पानं खर्च करतात.

भट्टीवाला
जागेचा मुद्दा पटला. समांतर पट्टा आणि चिकटून पट्टा हा फरक माहीत नव्हता. आणि ३२१, ३४७ हे स्टेनलेसचे दर्जे कुठे बसतात यात?

तपासनीस
तोच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवलाय. ३२१ मध्ये टायटॅनियम, ३४७ मध्ये नायोबियम. ते कार्बनला आधीच धरून ठेवतात, क्रोमियम मोकळं राहतं. फक्त ३२१ ला फिलर (जोडात वितळवून भरायची तार) ३४७ चा वापरतात, कारण टायटॅनियम आर्कमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या विजेच्या ज्योतीत, जळून जातं. यात ३१६ सारखं क्लोराइडला तोंड देणारं मॉलिब्डेनम नाही, त्यामुळे खाऱ्या हवेसाठी यांची शिफारस करणार नाही.

जोडारी
धातुवेडीताई आणि तपासनीस यांनी शास्त्र सांगितलंच आहे, मी शॉपमधलं सांगतो. आयुष्य टिग टॉर्च हातात धरण्यात गेलंय.

ते दूरचे तपकिरी ठिपके आहेत ना, ते तुमच्या स्टेनलेसचे नाहीतच. ते साध्या लोखंडाचे आहेत. एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडी (माइल्ड स्टीलच्या) तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवला की प्रत्येक तार आपला कण मागे सोडून जाते. शेजारी कुणी एमएसवर ग्राइंडर चालवत असेल तर त्याच्या ठिणग्या उडून स्टेनलेसवर चिकटतात, डोळ्याला दिसत नाहीत, पहिल्या दमट रात्रीनंतर दिसतात. आणि तो कण नुसता गंजून थांबत नाही, त्याच्याखाली ओल आणि मीठ धरून खालच्या पापुद्र्यालाही त्रास देतो.

म्हणून स्टेनलेसचं टेबल वेगळं, ब्रश स्टेनलेसचा आणि त्यावर रंगाने खूण केलेला, ग्राइंडिंगच्या चकत्या लोखंडविरहित आणि एकदाही एमएसला न लावलेल्या. उचलायला साखळी नाही, पट्टा. फोर्कलिफ्टच्या दातांवर रबर किंवा लाकूड. माल ठेवायच्या घोड्यांवर (स्टँडवर) स्टेनलेसची किंवा लाकडाची पट्टी. जागा कमी असेल तर निदान एमएसचं काम संपवून, झाडून, मग स्टेनलेसला हात घालायचा. याला जास्तीचा पैसा लागत नाही, शिस्त लागते.

वेल्ड करताना: करंट लागेल तेवढाच, आर्क लहान, हात सलग. गॅस बंद करायची घाई करू नका, टॉर्च जागेवर धरून वेल्ड थंड होईपर्यंत आर्गॉन वाहू द्या. आर्क पेटवायचा तो जोडाच्या खाचेतच. बाजूच्या पाइपवर टुचकन मारलेला आर्क म्हणजे तिथे हमखास खड्डा. ३१६एल ला ३१६एल चाच फिलर, ३०४ ला ३०८एल, आणि स्टेनलेस एमएसला जोडायचं असेल तर ३०९एल.

आणि पाइपच्या आतली बाजू! बाहेरून चांदीसारखा जोड आणि आतून काळी खडबडीत फुलं, असे जोड ढिगाने पाहिलेत. ज्या पाइपमधून खारं पाणी जाणार, त्याच्या आत आर्गॉन भरून हवा हाकललीच पाहिजे. दोन्ही टोकं बंद करून, एक बारीक भोक ठेवून, ऑक्सिजन ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५० भागांच्या) खाली उतरला की मग आर्क. मीटर नसताना अंदाजाने भरलं तर आत निळं-काळं होणार, आणि तिथे नंतर ब्रशही पोचत नाही.

अनघा_पी
जोडारीदादा, वाचनखूण साठवली. एक शंका: नायट्रिक आम्ल लावून पॅसिव्हेशन करून दिलं की हे सगळे प्रश्न मिटतात ना? आमच्याकडे प्रत्येक कोटेशनवर 'पॅसिव्हेशनसह' लिहिलेलं असतं.

अभिक्रिया
अनघा, नाही मिटत. या धाग्यात मला सगळ्यात कळकळीने हेच सांगायचंय. पिकलिंग आणि पॅसिव्हेशन ही दोन वेगळी कामं आहेत आणि कोटेशनवर एकाच्या नावाखाली दुसरं टाळलं जातं.

पॅसिव्हेशन म्हणजे २० ते ५० टक्के नायट्रिक किंवा ४ ते १० टक्के सायट्रिक आम्लाने पृष्ठभागावरचे मोकळे लोखंडी कण विरघळवणं, म्हणजे पापुद्रा स्वच्छ बनेल. एएसटीएम ए९६७ मध्ये हे आहे. जोडारींनी सांगितलेले ठिपके याने जातात. पण निळा ऑक्साइड नायट्रिकला दाद देत नाही, आणि त्याखालची क्रोमियम उणी साय तर अजिबात हलत नाही.

पिकलिंग म्हणजे नायट्रिकमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल मिसळून ऑक्साइड आणि त्याखालचा काही मायक्रॉन धातू दोन्ही काढून टाकणं. खालचा पूर्ण क्रोमियमचा धातू उघडा पडतो, मग पापुद्रा हवेत आपोआप धरतो. वेल्डला हेच लागतं. पेस्टच्या स्वरूपात मिळतं, ब्रशने लावून ठरलेला वेळ ठेवतात, वाळू देत नाहीत, भरपूर गोड्या पाण्याने धुतात. ३०४ ला कमी वेळ, ३१६ ला जास्त, डुप्लेक्सला त्याहून जास्त. उन्हात तापलेल्या पाइपवर लावू नये, पेस्ट वाळून डाग पाडते.

पण हे घरी करायचं काम नाही. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर पडलं तर सुरुवातीला कधी कधी दुखतही नाही. ते आत झिरपतं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि तळहाताएवढी जागा भाजली तरी हृदयाच्या ठोक्यांपर्यंत गोष्ट जाऊ शकते. जिथे ही पेस्ट वापरतात तिथे अडीच टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असलंच पाहिजे, चेहऱ्यावर ढाल, हातात या आम्लाला टिकणारे लांब मोजे, आणि धुतलेलं पाणी चुन्याने उदासीन करूनच सोडायचं. पेस्ट लावणाऱ्या मुलाच्या हातात साधे सुती मोजे दिसले तर काम तिथेच थांबवा, कृपया.

खारावारा
हे वाचून घरी करायचा विचार सोडला. मग गच्चीवर, बसवलेल्या रेलिंगला काय?

अभिक्रिया
तुमच्यासाठी विजेवर चालणारी वेल्ड सफाई बरी. कार्बन तंतूंचा ब्रश, फॉस्फोरिक आम्लावर आधारित द्रव, आणि कमी व्होल्टेज. ब्रश पट्ट्यावर फिरवला की रंग डोळ्यांदेखत उतरतो. हायड्रोफ्लोरिक लागत नाही. तरी मोजे-चष्मा हवाच आणि नंतर गोड्या पाण्याने सढळ हाताने धुवायचं. जिथे गंज आधीच खोल गेलाय तिथे आधी बारीक फ्लॅप चकतीने खड्ड्याचा तळ दिसेपर्यंत उतरवावं लागेल. नुसतं वरून चकचकीत केलं तर खड्ड्यातलं क्लोराइड आतच राहतं आणि तो पुन्हा चालू होतो.

लोखंडी कण गेले की नाहीत हे बघायचा साधा मार्ग: गोड्या पाण्याने ओलं करायचं, वाळू द्यायचं, असं काही वेळा. कण उरले असतील तर तांबूस ठिपके उठतात. लवकर हवं असेल तर पोटॅशियम फेरीसायनाइड आणि नायट्रिकच्या द्रावणाचा थेंब, लोखंड असेल तर निळा पडतो. थेंब नंतर धुवून टाकायचा.

धातुवेडी
एक भर. पॉलिश किती बारीक, यालाही महत्त्व आहे. खरखरीत पृष्ठभागाच्या चरांत मीठ धरतं. समुद्राजवळच्या कामाला खरखरीतपणा, म्हणजे आरए, ०.५ मायक्रोमीटरच्या खाली मागतात. आणि पॉलिशच्या रेषा उभ्या हव्यात, म्हणजे पाणी निथळतं. जाड चकतीने आडवं घासून दिलेलं ३१६ हे बारीक पॉलिश केलेल्या ३०४ च्या रांगेत जाऊन बसतं.

नांगर
माझा अनुभव बोटींचा. हवेत ३१६ उत्तम टिकतं, पण तेच फिटिंग पाण्याखाली किंवा डेकच्या सीलंटखाली गेलं की भरवसा नाही. डेकमधून आत गेलेल्या पट्ट्या बाहेरून आरशासारख्या, आणि काढल्या की डेकच्या जाडीतला भाग कुरतडलेला. वेल्डची जागा तिथे असेल तर तडाही. काढून बघितल्याशिवाय कळत नाही, हीच भीती.

धातुवेडी
नांगर, हाच तो तिसरा आजार, फटीचा. बंद फटीत ऑक्सिजन संपतो, पापुद्रा भरून यायला काही उरत नाही, आणि खड्ड्यात होतं तेच सगळं फटीत होतं, तेही कमी तापमानाला आणि खड्ड्यापेक्षा लवकर. खारावारांच्या बेसप्लेटखालचा तुटक वेल्ड म्हणजे हाताने बनवलेली फट. तिथे किती पिकलिंग केलं तरी उपयोग नाही, आतली बाजू ब्रशला दिसतच नाही. सलग वेल्ड मारून फट बंद करणं हाच उपाय, आणि त्याआधी आतलं मीठ धुवून, वाळवून घेणं. अर्धवट शिरलेलं रूट (वेल्डचं मूळ), अंडरकट (वेल्डच्या कडेला पडलेली खाच), एकावर एक चढवलेला जोड, चिकटलेले वेल्डचे थेंब, या सगळ्या फटीच.

पाण्याखालच्या कामात मात्र दर्जाचा प्रश्न खरा आहे. त्याचा ढोबळ आकडा म्हणजे पीआरईएन: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट. ३०४ चा १८-१९ च्या घरात येतो, ३१६ चा २४ च्या आसपास, २२०५ डुप्लेक्सचा ३५, आणि सुपर डुप्लेक्सचा ४० च्या वर. समुद्राच्या पाण्यात कायम बुडालेल्या आणि फटी असलेल्या कामाला ४० च्या वरचाच आकडा मागतात. ३१६ तिथे बसत नाही, वेल्ड कितीही सुंदर असो.

नवशिका_वेल्डर
मग सरळ डुप्लेक्सच का नको सगळीकडे?

जोडारी
कारण डुप्लेक्स चुका पोटात घालत नाही. त्यातल्या फेराइट आणि ऑस्टेनाइट या पोलादाच्या दोन स्फटिक रचना निम्म्या-निम्म्या राहिल्या तरच तो डुप्लेक्स. भराभर थंड केलास तर फेराइट वाढतं, रेंगाळलास तर सिग्मा नावाची ठिसूळ, क्रोमियम खाणारी अवस्था बसते. २२०५ ला हीट इनपुट (जोडात जाणारी उष्णता) ०.५ ते २.५ किलोज्यूल प्रति मिलिमीटर, दोन पासमधलं तापमान १५० अंशांच्या वर नाही, फिलर २२०९, ज्यात निकेल मुद्दाम जास्त असतं. ३१६ चा हात जसाच्या तसा डुप्लेक्सवर चालवला तर पैसे डुप्लेक्सचे आणि जोड मात्र त्याहून कितीतरी खालच्या दर्जाचा. आणि निळा पट्टा त्यालाही येतो, त्यालाही पिकलिंग लागतंच.

खारावारांच्या गच्चीला डुप्लेक्सची गरज नाही, हे माझं स्पष्ट मत. जोड नीट साफ केलेलं ३१६एल आणि नियमित गोडं पाणी पुरेल.

वाफ
प्लांटमधलं एक उदाहरण, कारण लोक नेहमी समुद्राकडेच बघतात. नवीन ३१६एल ची पाइपलाइन, वेल्ड एक्स-रे पास, पाण्याच्या दाबाची चाचणी पास. मग ते चाचणीचं पाणी आत तसंच राहतं, लाइन सुरू व्हायला उशीर होतो, आणि वापराआधीच वेल्डपाशी सुईच्या टोकाएवढी गळती. कापून बघितलं की बाहेर टाचणीचं भोक आणि आत पोकळी, बरोबर वेल्डच्या कडेला. साचलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव वेल्डच्या खडबडीत, रंगलेल्या पट्ट्यावर घर करतात आणि त्यांच्या थराखाली क्लोराइडचं काम सोपं होतं. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की चाचणीच्या पाण्यात क्लोराइड ५० पीपीएमच्या खाली ठेवायची आणि चाचणी संपताच पाणी काढून लाइन वाळवायची पद्धत पडली आहे.

ज्यांचं काम गरम आणि खारट असं दोन्ही आहे त्यांनी तड्यांचाही विचार करावा. ३०४-३१६ मध्ये साधारण ६० अंशांच्या वर, क्लोराइड आणि ताण एकत्र आले की तडे जातात, आणि वेल्डच्या बाजूला आकुंचनाचा ताण आयता असतोच. पोहण्याच्या तलावावरच्या क्लोरीनच्या हवेत तर हे नेहमीच्या तापमानालाही झालंय. स्वित्झर्लंडमधल्या उस्टरला १९८५ मध्ये तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळून १२ माणसं गेली. ते छत स्टेनलेसच्या टांगण्यांवर होतं आणि त्यांना हेच तडे गेले होते. तिथे वेल्डचा दोष नव्हता, पण वर चकचकीत दिसतंय म्हणून आत सगळं ठीक, या विश्वासाची किंमत किती मोठी असते ते कळतं.

मीरा_के
उस्टरचं वाचून अंगावर काटा आला.
अजून एक: लोहचुंबक लावून स्टेनलेस खरं-खोटं ओळखतात, ते बरोबर का?

तपासनीस
नाही. वेल्डमध्ये थोडं फेराइट मुद्दाम ठेवलेलं असतं, नाहीतर थंड होताना तडे जातात. त्यामुळे अस्सल ३१६एल च्या वेल्डवरही चुंबक हलकासा ओढला जातो. वाकवलेल्या ३०४ वरही ओढला जातो. उलट २०१ सारखा कमी निकेलचा, मँगनीज भरलेला माल चुंबकाला चिकटत नाही आणि समुद्राजवळ लवकर हार मानतो. मॉलिब्डेनम आहे की नाही हे बघायला थेंबाची चाचणी मिळते. एक्स-रे बंदूक बाकी मूलद्रव्यं सांगते, पण कार्बन नाही सांगत, म्हणजे 'एल' आहे की नाही हे तिला कळत नाही. त्यासाठी ठिणगीचा वर्णपट बघणारं यंत्र लागतं.

खारावारा
सगळ्यांचे मनापासून आभार. अजून जिन्याचं रेलिंग व्हायचंय. नवीन कामाच्या ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहून घेऊ? मोघम लिहिलं तर पुन्हा तेच होईल.

तपासनीस
'चांगलं फिनिशिंग', 'समुद्रासाठी योग्य' असले शब्द नको, मोजता किंवा बघता येईल तेच लिहा. पाइप आणि फिलर दोन्ही ३१६एल, दोघांचीही सर्टिफिकेटं. सर्व जोड सलग, तुटक वेल्ड कुठेही नाही. वेल्डनंतर सर्व बाजूंनी, पाइपच्या पोटासकट, पिकलिंग किंवा विजेची सफाई, आणि कुठेही रंगाचा पट्टा उरता कामा नये. पॉलिश आरए ०.५ च्या आत. काम एमएसपासून वेगळ्या जागेत. ताबा घेण्याआधी ओलं-कोरडं करून ठिपक्यांची चाचणी. आणि साइटवर कापाकापी-वेल्डिंग कमीत कमी, जे होईल त्या जोडालाही हीच सफाई. लोक शॉपमधले जोड नीट करतात आणि जागेवरचे विसरतात.

जोडारी
यात दोन गोष्टी घाला. एक, रेलिंग बसवल्यावर भिंतीचं, फरशीचं काम करणाऱ्यांनी हायड्रोक्लोरिकचं पाणी वापरून साफसफाई करायची नाही. त्या आम्लाची नुसती वाफ पाइपवर बसली तरी नवं काम तपकिरी होतं. ब्लीचचंही तेच, आणि लोखंडी तारेच्या घासणीचंही.

दुसरं, पोकळ पाइपच्या आत पाणी शिरलं तर बाहेर यायला वाट द्या. पूर्ण बंद, सलग वेल्ड असलेला पाइप असेल तर प्रश्न नाही, पण स्क्रूसाठी एकही भोक पाडणार असाल तर सगळ्यात खालच्या टोकाला निचऱ्याचं भोक हवंच, आणि त्या भोकाची कड घासून बारीक केलेली. जिन्याच्या रेलिंगला उतार असतो, सगळं पाणी खालच्या खांबात जमतं. तो खांब बेसप्लेटपाशी आतून खाऱ्या पाण्यात उभा राहिला तर बाहेरच्या सगळ्या सफाईचा काही उपयोग नाही. ड्रॉइंग आलं की इथे टाका, भोक कुठे पाडायचं ते दाखवतो.